शालनची सावड

शालन,

बातमीला जे लागतं ते चार ओळींत देऊन झालं आहे. वय, हुद्दा, नोकरीची वर्षं, पश्चात पती. ते वाचून तू म्हणाली असतीस, "एवढंच? भेंडीच्या भावाला पण याहून जास्त जागा देता तुम्ही." म्हणून ही दुसरी जागा मागून घेतली. तुझ्याशी भांडायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. तुला सांगायचं राहिलं तेही.

संस्थेच्या शहरातल्या मुख्य रुग्णालयातून 'काळजीवाहक आधार कार्यक्रम' आला, तो एका गुळगुळीत पुस्तिकेतून आला. संस्था मोठी, तालुक्या-तालुक्यांत तिची केंद्रं. शहापूर आणि मुरबाड ही दोन चालवायला तुझ्याकडे. कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे डॉक्टर बघतात. त्याला उठवणाऱ्या, भरवणाऱ्या, धुणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. तिला केंद्रात बोलवायचं. रोग्याची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे शिकवायचं. मग खुर्चीत बसवून तिचं तिला बोलू द्यायचं.

पहिल्या सत्राला तू खुर्च्या गोल मांडल्या होत्यास. मी बातमीसाठी आले होते. एक आजोबा आले. त्यांना वाटलं होतं की बीपीच्या गोळ्या वाटणार आहेत. तू त्यांचं बीपी बघितलंस, त्यांना बिस्किटं दिलीस आणि सत्र संपलं. जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या टायमाला पन येऊ ना?"

"या की," तू म्हणालीस. "तुमीच आमचा कार्यक्रम."

दुसऱ्या सत्रालाही तेच आले. तिसऱ्याच्या आधी तू मला घेऊन डोळखांबच्या बाजूला सुगंधाच्या घरी गेलीस. तिच्या सासूच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळत. सुगंधाने आम्हाला ओटीवर बसवलं, घाईघाईने चूल पेटवली, चहा टाकला. तू आतल्या खोलीकडे बघत विचारलंस, "आली का नाहीस गो केंद्रात?"

"यायचं होतं बाय. पन म्हातारीजवळ कोन बसंल?"

"घरात कोनी नाय?"

"हाय ना, म्हातारीचा पोरगा. तो बसला तं दोघांना बघायला मानूस लागंल."

आतून म्हातारी हसल्यासारखा आवाज आला. तूही हसलीस, मग थांबलीस. "मंग आवणीच्या दिवसांत कोन बसली?"

"सावडीत बसली ना चंद्रीची आय. तिचे गुडघे गेलेत, चिखलात उतरता येत नाय. मी तिच्या शेतात आवणी केली, ती इथं म्हातारीजवळ बसली."

बाहेरच्या वाचकांसाठी एक वाक्य: आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, इथे एका घरची माणसं दुसऱ्याच्या शेतात जातात, मग दुसऱ्या घरची पहिल्याच्या, मजुरी नसते, पाळी फेडायची असते, आणि तिला सावड म्हणतात. तुला आणि मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण आजाऱ्याजवळ बसणं हेही सावडीतलं काम होऊ शकतं, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता.

परत येताना किन्हवलीला एसटीतून उतरून तू म्हणालीस, "खुर्च्या केंद्रात ठेवायच्याच नाहीत."

पुढचं तू केलंस ते फार साधं होतं. नवीन माणूस नेमला नाहीस. सुगंधाला आणि चंद्रीच्या आईला एवढंच सांगितलंस, की आवणी संपली तरी बसणं चालू ठेवा. फेडायचं कशानेही. बसण्याला बसणं, बसण्याला भातकापणी, बसण्याला विहिरीवरून पाणी. सत्रं ओटीवर झाली, ज्या घरात रोगी त्याच घरात. त्यामुळे कूस बदलायला शिकताना खरी म्हातारी समोर असायची, आणि ती ओरडायची, "सावकाश गो, मी भाताची गोनी नाय." गावं वाढत गेली. किती, ते लिहीत नाही. आकड्यांवरून आपलं पुरेसं भांडण झालं आहे.

सुगंधाच्या बांगड्यांची गोष्ट तू मला निदान चार वेळा सांगितलीस, दर वेळी थोडी वाढवून. मी ऐकली ती एवढी. तिला पहिल्यांदा दुपार मोकळी मिळाली तेव्हा ती सरळगावच्या बाजाराला गेली आणि हातभर बांगड्या भरून आली. गावात सुरू झालं: म्हातारी मरायला टेकलीय आणि सूनबाई नटतात. तुझ्यासमोर एका बाईने हे म्हटलं तेव्हा तू तिला विचारलंस, "मंग काय करायला पायजे होतं तिनं?"

"झोपायचं, आराम करायचा. त्याच्यासाठीच ना तुमचा कार्यक्रम?"

"तुझी सासू खाटेवर पडली की तू झोप हां," तू म्हणालीस. "सुगंधाला बांगड्याच पायजे होत्या."

त्याच सुमारास तू मला एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितलीस. सुगंधाच्या घरी तुला आता चहा मिळत नाही. तू दारात आलीस की ती चप्पल घालते आणि निघते. "बसून घे, मी आले," एवढंच. तुझ्या मते कार्यक्रम चालला की नाही हे कळायची ती एकच खूण होती. मी हसले. अहवालात ती कुठल्या रकान्यात भरणार, असंही विचारलं.

मग मुख्य रुग्णालयातून माणसं बघायला आली. त्यांना आवडलं. मनापासून आवडलं, ढोंग नव्हतं. त्यांनी ठरवलं की हे सगळ्या केंद्रांत राबवायचं. सगळीकडे राबवायचं तर सगळीकडे सारखं असायला हवं. त्यासाठी 'प्रशिक्षित सोबती' नेमले गेले. त्यांना निळी जॅकेटं मिळाली, गळ्यात ओळखपत्र आलं, कोणत्या दिवशी कोणत्या घरी जायचं ते मोबाईलवर येऊ लागलं.

काय झालं ते आपण दोघींनी मुरबाडच्या बाजूला एका घरी पाहिलं, तिथे घरच्या सुनेचा नवरा अंथरुणाला खिळलेला. जॅकेटवाली मुलगी ओटीवर आली. चांगली मुलगी, नम्र. सुनेने तिला पाट दिला, पाणी दिलं. मग चहा केला. मग नुसता चहा कसा द्यायचा म्हणून पोहे केले. शेजारून खुर्ची आणवली. मुलगी म्हणत होती, "ताई, तुम्ही जा ना, मी बसते." सून म्हणत होती, "असं कसं, तुमी आल्या आनि मी जाऊ?" पदराने घाम पुसत ती समोर उभी राहिली. दोन तासांनी मुलगी गेली. सुनेने कपबशा धुतल्या आणि नवऱ्याची चादर बदलली. मोबाईलवर नोंद झाली: काळजीवाहकाला विश्रांती, पूर्ण.

तू हे वर कळवलंस. मी त्या दिवसांतली तुझी वाक्यं ऐकली आहेत, ती सौम्य होती. तू लिहिलंस की जॅकेट घालून आलेला माणूस आमच्याकडे पाहुणा असतो, आणि पाहुण्याला घरात टाकून जाता येत नाही. वरून उत्तर लवकर आलं. सोबत्यांनी भेटीदरम्यान चहापान स्वीकारू नये, अशी सूचना सर्व केंद्रांना गेली.

त्यावर तू हसलीस ते मला अजून ऐकू येतं. थकलेलं हसू होतं. "चहा बंद केला," तू म्हणालीस, "पाहुणा आहे तिथेच आहे."

सुगंधाने ते अधिक नेमकं सांगितलं होतं. तिच्याकडेही जॅकेट आलं तेव्हा तिने पुन्हा पाठवू नका म्हणून कळवलं. का, विचारल्यावर म्हणाली, "त्या पोरीचं मी काय फेडनार? आनि ज्याचं फेडायचं नाय, त्याला हाक कशी मारायची?"

इथे आपलं भांडण सुरू होतं, शालन. ते मिटलेलं नाही, म्हणून तू नसतानाही मांडते.

मुरबाडच्या एसटी स्टँडवर आपण बसची वाट बघत होतो. मी म्हटलं, जॅकेट चुकीचं आहे, पण वरची माणसं एका बाबतीत बरोबर आहेत. जो तुझ्यावाचून चालत नाही तो कार्यक्रम नव्हे. तू सगळ्या घरांना ओळखतेस, कोणाचं कोणाशी पटत नाही ते जाणतेस, म्हणून पाळ्या जुळतात. शहापुरात लोकलने कामाला जाणाऱ्यांच्या इमारती झाल्या आहेत. शेजारच्या दाराआड कोण आजारी आहे ते तिथे ठाऊक नसतं. त्यांनी काय करायचं?

"त्यांना जॅकेट द्या," तू म्हणालीस. "मी कुठे नको म्हणते? इथे नका देऊ."

मग मी वाडीचं काढलं. जानकीचा नवरा आंब्यावरून पडला, कमरेखाली लुळा पडला, आणि तेव्हापासून खाटेवर होता. जानकी कातकरी वाडीतली. मजुरीला गेल्याशिवाय तिचं भागत नाही. ती गावातल्या कोणाच्याही पुढे नसली तरी मागे नाही, अशी आवणी करते. गाव तिला मजुरीला बोलावतं, सावडीला नाही. का, ते सोपं आहे. मजुरी दिली की संबंध संपतो. सावड घेतली तर फेडायला तिच्या झोपडीत जाऊन तिच्या नवऱ्याजवळ बसावं लागतं. मी म्हटलं, तुझी सावड जातीच्या कुंपणाशी थांबते, शालन. निळं जॅकेट निदान वाडीत जातं.

तू म्हणालीस, "मी बसते ना जानकीच्या नवऱ्याजवळ."

"तू किती ठिकाणी बसणार? आणि ती तुझं फेडणार कसं?"

"फेडेल."

"कसं?"

"तू गप गो, पेपरवाली. बस लागली."

बस लागली होती हे खरं. ते उत्तर नव्हतं हेही खरं.

त्यानंतर तुझं पोटाचं दुखणं निघालं. निदान झालं तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि तू ते डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतंस. भातसानगरच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत तुझी खाट टाकली. तुझ्या यजमानांनी, भास्कररावांनी, धरणावरच्या नोकरीतून रजा घेतली. ते कमी बोलणारे, तुझ्या नोकरीबद्दल कधी अवाक्षर न काढणारे. आता त्यांनी एकच वाक्य धरलं: "बाहेरचं कोणी नको. मी आहे." ते होतेच. तुला भरवत होते, कूस बदलत होते, औषधं देत होते. गालांवर दाढी वाढली होती. मी येऊन बसते म्हटलं तर मला खुर्ची देऊन स्वतः उभे राहायचे. तू खाटेवरून त्यांच्याकडे बघायचीस. उभा जन्म तू दुसऱ्यांच्या घरात ज्या माणसाला शोधलंस, तो समोर उभा होता आणि तुझं ऐकत नव्हता.

एका सकाळी मी तिथे असताना सुगंधा आली. तिच्याबरोबर जानकी. एसटीत दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसून आल्या होत्या, हे जानकीने मला नंतर सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सुगंधा दारातूनच म्हणाली, "दाजी, चला, उठा. बाहेर जाऊन या."

भास्कररावांनी त्यांना बसा म्हटलं आणि ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. भांडं वाजलं.

तू मान वळवलीस. आवाज बारीक झाला होता, पण स्पष्ट होता. "काय गो, जॅकेट घालून आल्या काय तुमी?"

सुगंधाला हसू आवरेना. तिने तोंडाला पदर लावला. जानकीला संदर्भ माहीत नव्हता. ती दाराशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग तू जरा मोठ्याने हाक मारलीस. "अहो, चहा करू नका. चहा केलात तर कार्यक्रम फसला."

गॅस बंद झाला. भास्करराव बाहेर आले, काही वेळ उभे राहिले, आणि चपला घालून गेले. कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं त्यांनीच मला सांगितलं. धरणाच्या रस्त्याने थोडं चालले, परत फिरले, आणि कॉलनीच्या तोंडाशी न्हाव्याकडे जाऊन दाढी केली. परत आल्यावर तू त्यांच्या गालावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "हा मानूस मी ओळखते."

त्यानंतर पाळ्या लागल्या. इतरही आल्या, पण जास्त वेळा या दोघी. मी पण बसले. तुला वाचून दाखवायला वर्तमानपत्र आणलं तर तू म्हणालीस, "वाचू नको, नुसती बस." ते मला अवघड गेलं. जानकीला अजिबात नाही. ती जमिनीवर बसायची, तुझ्या पायाला हात लावून, तासन् तास. सुगंधा आली की ती सरकून जागा द्यायची. एकदा सुगंधाने तिला 'सरकू नको' म्हटलं. मी ते लक्षात ठेवलं, आणि त्याच वेळी स्वतःला बजावलं की क्वार्टरच्या एका खोलीत झालं म्हणजे गावात झालं असं नाही.

शेवटच्या दिवसांत, मी एकटी असताना, तू डोळे न उघडता बोललीस. "ते वाडीचं तू म्हणालीस ना, ते बरोबर आहे. पण..." आणि तुला झोप लागली. उठलीस तेव्हा पाणी मागितलंस. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटत नाही. तू दमली होतीस, आणि मीही. पण पुढचं वाक्य तुझ्याकडे होतं, माझ्याकडे नाही, एवढं नोंदवते.

शोकसभा केंद्रात झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, या वेळी भरल्या. मुख्य रुग्णालयातून आलेल्या गृहस्थांनी जाहीर केलं की कार्यक्रम सर्व केंद्रांत तुझ्या नावाने चालेल. त्यांचे डोळे भरले होते. मागच्या रांगेत निळी जॅकेटं होती, आणि त्यातली ती मुरबाडची मुलगी सगळ्यांत जास्त रडत होती. तिने मला विचारलं, "मॅडम, जॅकेट काढून गेलं तर चालेल का हो?" मी म्हटलं, तुझ्या वरिष्ठांना विचार. बातमीदाराने एवढंच म्हणायचं असतं. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे.

आता या आठवड्यातलं.

तुझ्या तेराव्याला पानं उठली, माणसं पांगली. जानकी मागच्या दाराशी बसली होती. भास्कररावांनी तिला जेवलीस का विचारलं. ती हो म्हणाली, आणि उठून उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि धाडस होत नव्हतं.

"दाजी," ती म्हणाली, "बाय माझ्याकडं बसली, मी बायकडं बसले. पन माझी एक पाळी जास्त झाली."

अंगणात सुगंधा भांडी घासत होती. तिचे हात थांबले. शालन, त्या वाडीतल्या बाईने वाडीबाहेरच्या घरावर सावडीची पाळी सांगितली, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मजुरी मागतात. उसने तांदूळ मागतात. पाळी सांगत नाहीत, कारण पाळी सांगायला आधी सावडीत असावं लागतं. भास्करराव तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ते पाकिटाकडे हात नेतील. त्यांनी विचारलं, "कधी येऊ?"

परवा ते गेले. मी बरोबर होते. सुगंधा नव्हती, ती अजून वाडीत गेलेली नाही, जाईल की नाही ते मला माहीत नाही, आणि तुझ्या प्रेमाखातर मी ते वेगळं लिहिणार नाही.

झोपडीबाहेर भास्कररावांनी चपला काढल्या. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. खाटेवर जानकीचा नवरा होता. त्याने हात जोडायला उचलले, भास्कररावांनी ते धरून खाली ठेवले. जानकीने सांगितलं, पाणी उशाशी आहे, डाव्या अंगाला जखम आहे, तिकडे फार वेळ ठेवू नका. ते म्हणाले, "येतं मला." एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा वाकवून, सावकाश. ती तुझी रीत होती. तुझ्यावर शिकलेली.

जानकी दाराशी थांबली. तिने आत बघितलं, मग चुलीकडे. चूल गार होती. पाट तिने दिला नव्हता, भास्करराव जमिनीवरच बसले होते, खाटेला पाठ लावून. ती क्षणभर तशीच उभी राहिली.

मग तिने पदर खोचला, "आले मी," म्हणाली, आणि गेली.

तिने चहा केला नाही, शालन.